मार्क ट्वेन यांचे लहानपणीचे गाव



या वेळी गुरुजींनी आम्हाला एकेका थोर माणसाचे जीवन लिहायला सांगितले. चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीत मार्क ट्वेन हे नाव निघाले. मी आधी खट्टू झाले. शेजारणीला जिजामाता मिळाल्या आणि मला हे कोण पाहुणे, असं वाटलं. पण वाचत गेले तसतशी गोडी लागली. शेवटी तर अशी एक गोष्ट कळली की ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

मार्क ट्वेन हे अमेरिकेचे फार मोठे लेखक. त्यांचे खरे नाव सॅम्युएल क्लेमेन्स. जन्म ३० नोव्हेंबर १८३५ रोजी मिसूरी राज्यातील फ्लोरिडा नावाच्या एका खेड्यात झाला. घरात सात भावंडे, त्यांत हे सहावे. सगळे त्यांना सॅम म्हणत. म्हणून लहानपणापुरते मीही सॅमच म्हणते.

सॅम चार वर्षांचा होत आला तेव्हा, १८३९ साली, घरचे लोक हॅनिबल या गावी राहायला गेले. गाव लहानसेच, पण मिसिसिपी नदीच्या अगदी काठावर. ही नदी इतकी रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येणार नाही. गावात दिवसभर सामसूम असायची. पण आगबोटीचा धूर दिसला रे दिसला की सगळे गाव धक्क्यावर पळायचे. बोट माल उतरवून निघून गेली की गाव पुन्हा पेंगायला लागायचे. गावातल्या प्रत्येक मुलाला मोठेपणी आगबोटीवर जायचे असे. सॅमलाही तेच वाटे.

सॅम भारी खोडकर होता. शाळा बुडवून नदीत डुंबायला जायचे, नदीतल्या बेटावर खेळायचे, मेणबत्त्या घेऊन गावाजवळच्या मोठ्या गुहेत शिरायचे, हे त्याचे उद्योग. त्याचा एक मित्र टॉम ब्लँकनशिप. तो फार गरीब. शाळेत जात नसे, अंगावर धड कपडे नसत. त्याच्याशी खेळू नका, असे सगळ्या आया बजावत. त्यामुळे मुलांना तोच जास्त आवडायचा!

उन्हाळ्यात सॅम मावशीच्या शेतावर जाई. तिथे कलिंगडे, मक्याची कणसे, आक्रोड यांची चंगळ असे. रात्री स्वयंपाकघरात चुलीपुढे बसून डॅनियल नावाचे एक काका मुलांना भुताच्या गोष्टी सांगत. मुले भीतीने एकमेकांना चिकटून बसत. म्हातारपणीसुद्धा ट्वेन यांना त्या शेताची आठवण यायची.

आता जे सांगायचे ते नीट वाचा. हे डॅनियल काका गुलाम होते. मिसूरी राज्यात तेव्हा माणसे विकत मिळत. आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांची मुले-नातवंडेही गुलामच राहत. सॅमच्या मावशीकडे गुलाम होते, आणि सॅमच्या घरीही होते. शाळा, चर्च, वर्तमानपत्र, यांपैकी कोणीही त्याला वाईट म्हणत नसे. त्यामुळे सॅमलाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. पाऊस पडतो, ऊन पडते, तसेच तेही आहे, इतकेच त्याला वाटे.

त्यांच्या घरी सँडी नावाचा एक लहान गुलाम मुलगा कामाला होता. तो दिवसभर गायचा, शीळ घालायचा, ओरडायचा. एकदा सॅमचे डोके उठले. त्याने आईकडे जाऊन तक्रार केली की याला गप्प करा. आईच्या डोळ्यांत पाणी आले. तिने समजावले की सँडीला त्याच्या आईपासून तोडून लांबून इथे आणले आहे. त्याला आता त्याची आई कधीच दिसणार नाही. तो गातो तेव्हा निदान त्याला तिची आठवण येत नसेल. तो गप्प बसला तरच मला काळजी वाटते. त्या दिवसापासून सॅमला सँडीच्या आवाजाचा त्रास झाला नाही. हे वाचताना मीसुद्धा पुस्तक मिटून थोडा वेळ बसले.

१८४७ साली सॅमचे वडील वारले. सॅम तेव्हा अकरा वर्षांचा होता. पुढे त्याची शाळा सुटली आणि तो छापखान्यात खिळे जुळवायला लागला. पगार नाही, नुसते जेवण आणि मालकाचे जुने कपडे, तेही अंगाला ढगळ. १८५३ साली तो गाव सोडून निघाला. चार वर्षांनी मनासारखे झाले. तो आगबोट चालवायला शिकू लागला आणि १८५९ साली त्याला परवाना मिळाला. बोटीवर दोरीला शिसे बांधून पाण्याची खोली मोजत. दोन वाव, म्हणजे १२ फूट पाणी असले की तिथले लोक मार्क ट्वेन अशी हाळी देत. पुढे लेखक झाल्यावर, १८६३ साली, त्यांनी तेच नाव घेतले.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि नदीवरची वाहतूक थांबली. युद्ध संपले त्या वर्षी, १८६५ साली, गुलामगिरीही कायद्याने बंद झाली. १८७६ साली ट्वेन यांचे टॉम सॉयर हे पुस्तक आले. त्यात हॅनिबल गाव, गुहा, नदी, सगळे आहे. पुढे हकलबरी फिन हे पुस्तक निघाले. त्यातला हक म्हणजे तो गरीब मित्र टॉम. हक एका पळालेल्या गुलामाला तराफ्यावरून घेऊन जातो. असे करणे पाप आहे हे त्याला सगळ्यांनी शिकवलेले असते, तरीही तो त्याला धरून देत नाही. ट्वेन यांनी येल विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या एका काळ्या विद्यार्थ्याच्या राहण्याजेवणाचा खर्चही दिला. तो पुढे वकील झाला.

नंतर धंद्यात ट्वेन यांचे पैसे बुडाले. डोक्यावर मोठे कर्ज झाले. ते फेडण्यासाठी साठीला आलेला हा माणूस व्याख्याने देत जगभर हिंडला आणि १८९८ पर्यंत त्यांनी सगळी देणी फेडली. त्याच फेरीत, जानेवारी १८९६ मध्ये, ते आपल्या मुंबईत उतरले. तिथल्या हॉटेलात एका गोऱ्या माणसाने नोकराला, त्याचे काय चुकले हे सांगण्याआधीच, तोंडावर ठोसा मारला. नोकराने तो मुकाट्याने सोसला. ते पाहून ट्वेन क्षणात पन्नास वर्षे मागे, हॅनिबलला जाऊन पोचले. त्यांचे वडील शांत स्वभावाचे होते. त्यांनी सॅमला जन्मात फक्त दोनदा मारले. पण घरच्या ल्युइस नावाच्या गुलाम पोराला मात्र ते बारीकसारीक चुकीसाठी फटका द्यायचे. तेव्हा सॅमला ते रोजचेच वाटे. मुंबईत तेच दुसऱ्याने केलेले पाहिले आणि त्यांना स्वतःच्या घरातले ते फटके आठवले. प्रवासवर्णनात त्यांनी हे लपवले नाही, वडिलांचे नाव राखायला खोटे लिहिले नाही.

१९०२ साली ते हॅनिबलला शेवटचे जाऊन आले. २१ एप्रिल १९१० रोजी ते वारले. ज्या वर्षी हॅलेचा धूमकेतू दिसला त्या वर्षी ते जन्मले आणि तो पुन्हा आला तेव्हा ते गेले.

हे लिहून झाल्यावर मी माझ्या आजोबांना वाचून दाखवले. आजोबा जुन्या गावाच्या गोष्टी फार रंगवून सांगतात. जत्रा, सूरपारंब्या, चोरून पाडलेल्या कैऱ्या. मी त्यांना विचारलं की तेव्हा आडावर सगळ्यांनाच पाणी भरू द्यायचे का? आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या वर्गातला एक मुलगा त्यांच्यासोबत गोट्या खेळायचा. पण पाणी प्यायची वेळ आली की आडापासून लांब उभा राहायचा, ओंजळ करून. कोणी वरून ओतले तर प्यायचा. आजोबांना त्यात तेव्हा काहीच वेगळे वाटले नव्हते. त्याला एकदाही स्वतःच्या हाताने पाणी ओतले का, तेसुद्धा त्यांना आता आठवत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला.

हा शेवटचा भाग लिहू नकोस, असे घरातले एक जण म्हणाले. आजोबा म्हणाले, लिही. म्हणून लिहिला. पालकहो, तुमच्या लहानपणीच्या गोष्टीही आम्हाला सांगा. कैऱ्यांच्या सांगा, आणि आडाच्याही सांगा.

– इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी