पार्थपूरचे सूर्यदास

ज्या विषयाचे भय वाटते तो विषय परका आहे, असे मानण्याकडे मनुष्याच्या मनाचा कल असतो. गणिताविषयी आमच्या जिल्ह्यातील पुष्कळ विद्यार्थ्यांची, आणि त्यांच्या आईबापांचीही, समजूत काहीशी अशीच आहे. गणित हे मोठ्या शहरातील मुलांचे, किंवा जन्मतःच कुशाग्र बुद्धी लाभलेल्या थोड्या भाग्यवंतांचे. आपण ते परीक्षेपुरते कसेबसे पाठ करावे आणि शालान्त परीक्षेचे दार एकदा ओलांडले म्हणजे विसरून जावे, असे कितीतरी घरांत बोलले जाते. ह्या समजुतीस उत्तर म्हणून, ह्याच परभणी जिल्ह्याच्या मातीत सुमारे पाचशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका थोर गणितज्ञाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांचे नाव सूर्यदास. सूर्यपंडित व सूर्यकवी ह्या नावांनीही ते ओळखले जातात.

गोदावरीच्या उत्तर अंगास पार्थपूर नावाचे नगर होते. आमच्या जिल्ह्यातील पाथरी तेच हे पार्थपूर होय, असे अभ्यासक मानतात. तेथे भारद्वाज गोत्राचे एक ज्योतिषी घराणे नांदत होते. त्या घराण्यातील ज्ञानराज ह्यांनी शके १४२५, म्हणजे इ. स. १५०३ मध्ये, सिद्धान्तसुंदर नावाचा ग्रंथ रचिला. ग्रहांची गती, ग्रहणे, गोलाचे स्वरूप इत्यादी विषय त्यात मोठ्या विद्वत्तेने मांडिले आहेत. ज्ञानराजांस चिंतामणी व सूर्यदास असे दोन विद्वान पुत्र झाले. चिंतामणींनी पित्याच्या ग्रंथावर टीका लिहिली, आणि सूर्यदासांनी भास्कराचार्यांचे गणित लोकांस समजावून सांगण्याचे काम अंगावर घेतले.

सूर्यदासांचा जन्म इ. स. १५०७ च्या सुमारास झाला. तो काळ स्वस्थतेचा नव्हता. पाथरीच्या प्रांतावर अहमदनगरची निजामशाही व वऱ्हाडची इमादशाही ह्या दोन्ही सत्तांची दृष्टी होती. इ. स. १५१८ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पाथरी घेतली, आणि पुढील दहाएक वर्षांत तिच्यासाठी पुन्हा झगडे झाले. अशा धामधुमीच्या दिवसांत ह्या मुलाचे बालपण गेले. गावाचा धनी बदलला म्हणून धान्याचे माप, कर्जाचे व्याज आणि शेताचे क्षेत्रफळ काढण्याची रीत बदलत नाही. राज्ये उलथतात, परंतु तीन पाचे पंधरा हे पंधराच राहतात. सूर्यदासांच्या घरी ही न बदलणारी विद्या होती, आणि ती त्यांनी पित्यापासून घेतली.

त्या विद्येत लीलावती ह्या ग्रंथाचा मान मोठा होता. भास्कराचार्यांनी तो इ. स. ११५० च्या सुमारास लिहिला. पुष्कळांस वाटते, की जुने संस्कृत गणित म्हणजे केवळ ग्रहताऱ्यांचा हिशेब. परंतु लीलावती उघडून पाहावी, म्हणजे आरंभीच बाजार भेटतो. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क, अशी नाण्यांची कोष्टके प्रथम येतात. मग वजनाची व लांबीरुंदीची मापे येतात. त्यापुढे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, घन आणि त्यांची मुळे, त्यानंतर त्रैराशिक, व्यस्त त्रैराशिक व पंचराशिक, मालाच्या बदल्यात माल घेण्याचा हिशेब, मुद्दल व व्याज, निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र आटविले असता येणारा कस, श्रेढी, क्षेत्रफळे, खणलेल्या खड्ड्याचे माप, विटांच्या राशी, लाकूड कापण्याची मजुरी, धान्याचे ढीग, आणि छायेवरून उंची काढणे. व्यापारी, सोनार, गवंडी, सुतार, कुणबी ह्या सर्वांचे गणित ह्या एका पुस्तकात आहे. इयत्ता दहावीच्या पुस्तकात आमचे विद्यार्थी अंकगणिती श्रेढी हा शब्द वाचतात, तो श्रेढी शब्दसुद्धा लीलावतीत आहे.

मग एवढ्या व्यवहारी पुस्तकास टीकेची आवश्यकता काय होती? ती होती, कारण लीलावती पद्यात आहे. पाठ करण्यास सोपे पडावे म्हणून नियम थोड्या अक्षरांत कोंडलेले आहेत. ज्यास श्लोक मुखोद्गत झाला त्यास गणित आले, असे होत नाही. टीकाकार शब्दांचा अन्वय लावतो, अर्थ उलगडतो, उदाहरण पायरीपायरीने सोडवून दाखवितो. सूर्यदासांनी प्रथम भास्कराचार्यांच्या बीजगणितावर सूर्यप्रकाश नावाची टीका शके १४६० मध्ये, म्हणजे इ. स. १५३८ मध्ये, लिहिली. त्यासमयी त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते. पुढे तीनच वर्षांनी, इ. स. १५४१ मध्ये, त्यांनी लीलावतीवर गणितामृतकूपिका ही टीका पूर्ण केली. गणितरूपी अमृताची लहानशी विहीर, असा ह्या नावाचा अर्थ. आमच्या जिल्ह्यातील मुलांस विहिरीची उपमा समजावून सांगण्याचे कारण नाही. पाणी तळाशी असते; ते वर येण्यास पोहरा आणि दोर लागतो, आणि ओढण्याचे श्रम ज्याचे त्यानेच करावयाचे असतात. टीका म्हणजे दोर. ओढणारा हात विद्यार्थ्याचा.

श्रम का करावयाचे, हे लीलावतीतील एका उदाहरणावरून ध्यानी येईल. सपाट जमिनीवर जाड धान्याची रास केली आहे आणि तिचा घेर ६० हात आहे. तर धान्य किती? नियम असा, की हरभऱ्यासारख्या जाड धान्याच्या राशीची उंची घेराच्या दहाव्या भागाइतकी, मोहरीसारख्या बारीक धान्याची अकराव्या भागाइतकी, आणि कुसळाच्या धान्याची नवव्या भागाइतकी धरावी. मग घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्यास उंचीने गुणावे. येथे उंची ६ हात, घेराचा सहावा भाग १०, त्याचा वर्ग १००, गुणाकार ६००. म्हणजे एक हात लांब, एक हात रुंद व एक हात खोल अशा मापाने ६०० मापे धान्य झाले. ह्या मापास भास्कराचार्य खारी म्हणतात.

आता तीच रास भिंतीस टेकून घातली आहे आणि तिचा उघडा घेर ३० हात आहे, असे समजा. घाईने नियम लावणारा विद्यार्थी उंची ३ धरील, तिसाचा सहावा भाग ५ घेईल, त्याचा वर्ग २५ करील, आणि ७५ असे उत्तर देऊन मोकळा होईल. परंतु भिंतीला टेकलेली रास म्हणजे पूर्ण राशीचा अर्धा भाग होय. म्हणून घेर प्रथम दुप्पट करावा, म्हणजे तो ६० होतो. पूर्ण राशीचे ६०० काढावे. आणि त्याचे निम्मे करावे. खरे उत्तर ३००. पाऊणशे आणि तीनशे ह्यांमध्ये केवढे अंतर आहे! ज्याच्या खळ्यावर ती रास पडली आहे त्याने ७५ हा आकडा खरा मानून सौदा केला, तर चार भागांतील तीन भाग धान्य तो फुकट देऊन बसेल. परीक्षेत अशी चूक झाली तर थोडे गुण जातात. खळ्यावर झाली तर कुटुंबाचे वर्ष जाते.

ह्या नियमामागील कारणही पाहण्याजोगे आहे. रास शंकूच्या आकाराची असते. शंकूचे घनफळ म्हणजे तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची, आणि त्याचा तिसरा भाग. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या स्थूलमानाने तिप्पट धरिला, तर त्रिज्या परिघाच्या सहाव्या भागाइतकी येते आणि वरील नियम आपोआप सिद्ध होतो. परीघ व व्यास ह्यांचे गुणोत्तर २२ भागिले ७ घेतले तर ६०० च्या जागी सुमारे ५७३ येतील. भास्कराचार्यांस हे सूक्ष्म गुणोत्तर ठाऊक होते; त्यांनी ते लीलावतीतच अन्यत्र दिले आहे. परंतु खळ्यावर तोंडी हिशेब करणाऱ्यास तीनचा आकडा सोयीचा पडतो. कोठे स्थूल मान चालते आणि कोठे सूक्ष्म मान घेतलेच पाहिजे, हे ज्यास कळते त्यास गणित कळले. उत्तरपत्रिकेत मात्र प्रश्नात जे मान घेण्यास सांगितले असेल तेच घ्यावे, हेही सांगून ठेवितो.

सूर्यदास केवळ गणिती नव्हते. त्यांनी भगवद्गीतेवर टीका लिहिली, काव्ये रचिली, आणि सिद्धान्तसंहितासारसमुच्चय ह्या आपल्या ग्रंथात मुसलमान ज्योतिषांच्या मतांचेही निरूपण केले. दुसऱ्याची विद्या आपल्याहून भिन्न आहे म्हणून तिच्याकडे पाठ फिरवावी, असे त्यांस वाटले नाही. परंतु साहित्यात त्यांची कीर्ती झाली ती रामकृष्णविलोमकाव्यामुळे. ह्या काव्यातील श्लोक डावीकडून उजवीकडे वाचला असता रामकथा निघते, आणि तीच अक्षरे उलट क्रमाने वाचली असता कृष्णकथा निघते. शब्दांचा असा खेळ जमण्यास एकेक अक्षर दोन्ही दिशांनी तपासावे लागते.

ही दोन्ही दिशांनी तपासण्याची सवय गणितातही अमोल आहे. लीलावतीत विलोमविधी म्हणून एक स्वतंत्र रीत दिली आहे. उत्तरापासून उलट चालावे; जेथे गुणिले असेल तेथे भागावे, जेथे मिळविले असेल तेथे वजा करावे, आणि मूळ संख्येपर्यंत पोहोचावे. एका संख्येस ३ ने गुणिले, त्यात १२ मिळविले, येणाऱ्या संख्येस ६ ने भागिले, तेव्हा ७ आले. तर मूळ संख्या कोणती? सातास सहाने गुणिले म्हणजे ४२. त्यातून १२ वजा केले म्हणजे ३०. त्यास तिहींनी भागिले म्हणजे १०. पडताळा पाहण्याची हीच रीत परीक्षेत शेवटच्या दहा मिनिटांत उपयोगी पडते, आणि दुकानदाराची पावती तपासतानाही हीच कामी येते.

सूर्यदासांच्या टीकेनंतर चारच वर्षांनी, इ. स. १५४५ मध्ये, कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. इ. स. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातील फैजीने लीलावतीचे फारसी भाषांतर केले. पुढे इ. स. १८१७ मध्ये कोलब्रुक ह्या विद्वानाने लीलावती व बीजगणित ह्यांचे इंग्रजी भाषांतर लंडन येथे प्रसिद्ध केले, तेव्हा ज्या टीकांच्या आधारे त्याने अर्थ लावला त्यांत सूर्यदासांच्या टीका होत्या. गोदाकाठी बसून लिहिलेली पाने पावणेतीनशे वर्षांनंतर थेम्सच्या काठी उपयोगास आली. इ. स. १८९६ मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांनी आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात ह्या पितापुत्रांचा परिचय मराठी वाचकांस करून दिला. दीक्षित हे व्यवसायाने शिक्षक होते, ही गोष्ट आमच्या शिक्षकबंधूंस अभिमानाची वाटेल.

विद्यार्थी मित्रहो, दहावीला गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. एक बीजगणिताची व दुसरी भूमितीची. पाथरीच्या ह्या पंडिताने चौतीस वर्षांच्या वयापर्यंत बीजगणित आणि अंकगणित व भूमितीने भरलेली लीलावती, असे दोन्ही विषय इतरांस समजतील असे करून ठेविले. तुम्हांस तर ते केवळ स्वतः समजून घ्यावयाचे आहेत. त्यासाठी परीक्षेच्या आदल्या महिन्यात शंभर उदाहरणे करण्यापेक्षा जून महिन्यापासून प्रतिदिनी चारच उदाहरणे करावी. प्रत्येकात नियम कोणता लावला आणि का लावला हे एका ओळीत लिहावे. आणि उत्तर आल्यावर उलट दिशेने पडताळा पाहावा. चुकलेले उदाहरण खोडून टाकू नये. ते तसेच ठेवून त्याखाली पुन्हा करावे, म्हणजे वाट कोठे सुटली ते दिसते.

पालकांसही आमची एक विनंती आहे. घरी कापूस किंवा ज्वारी विकली म्हणजे त्याची पट्टी मुलास व मुलीस वाचावयास द्यावी. खताच्या पिशव्यांचा खर्च, पीककर्जाचे व्याज, भिंतीस लागणाऱ्या विटा, हौदात मावणारे पाणी, हे हिशेब त्यांच्याकडून करवावे. येथे मुलीस म्हणून आम्ही मुद्दाम लिहिले आहे. भास्कराचार्य लीलावतीतील कित्येक प्रश्न एका बालिकेस उद्देशून विचारतात, हे ज्यांस ठाऊक आहे ते मुलींस गणित येत नाही असे म्हणणार नाहीत. आपल्या घरचा हिशेब स्वतः केलेल्या मुलास प्रश्नपत्रिकेतील व्यापारी व शेतकरी परके वाटत नाहीत. आणि परीक्षेनंतर जन्मभर कोणी त्याच्यापुढे आकड्यांचा कागद सरकविला, तर वाचल्यावाचून तो त्यावर सही करीत नाही.

सूर्यदासांच्या विहिरीचे पाणी अद्याप आटलेले नाही. पाथरी येथून फार दूर नाही, आणि लीलावतीची मराठी भाषांतरेही मिळतात. दोर हाती घेण्याचा अवकाश आहे.