शिकी आणि सतरा अक्षरांचे गणित

शिरीष पै यांच्यामुळे मराठी वाचकास हायकू परिचयाचा झाला आणि त्यासोबत बाशोचे नावही. वास्तविक 'हायकू' ही संज्ञा बाशोच्या काळी रूढ नव्हती. अनेक कवींनी मिळून गुंफावयाच्या शृंखलाकाव्याच्या सतरा अक्षरी आरंभकडव्यास तेव्हा 'होक्कू' म्हणत. त्या कडव्यास शृंखलेतून सोडवून स्वतंत्र कवितेचा दर्जा आणि आजचे नाव मिळवून दिले ते मासाओका शिकी याने.

शिकीचा जन्म १८६७ साली मात्सुयामा येथे एका कनिष्ठ सामुराई कुटुंबात झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. १८७६ मध्ये नव्या राजवटीने सामुराईंची वंशपरंपरागत वेतने बंद करून त्यांची रोख्यांवर बोळवण केली. अशा घरच्या मुलाने पदवी घेऊन चांगल्या पदावर चढावे, ही अपेक्षा स्वाभाविकच होती. परंतु १८८९ मध्ये त्याच्या तोंडातून रक्त पडले. गाताना रक्त ओकतो अशी समजूत असलेल्या एका पक्ष्याचे नाव, शिकी, त्याने स्वतःस घेतले. १८९२ मध्ये परीक्षेत अपयश आले. विद्यापीठ सोडून तो 'निप्पोन' दैनिकात नोकरीस लागला आणि आई व बहीण रित्सु यांना त्याने टोकियोस आणले.

त्याच वर्षी त्याने एक विलक्षण भाकीत केले. भाषेतील ध्वनी मोजके, जागा सतराच. तेव्हा क्रमचयाच्या नियमाने हायकूंची संख्या मर्यादित असून लवकरच हा काव्यप्रकार संपुष्टात येईल, असे त्याचे प्रतिपादन होते. गणित म्हणून हे टिकत नाही. पन्नास ध्वनी धरले तरी सतरा जागांच्या रचनांची संख्या २९ अंकी होते! तथापि हिशेब चुकला तरी रोगाची पारख चुकली नव्हती. जुन्या हायकूंचे ऋतू व विषय यांनुसार प्रचंड वर्गीकरण तो करीत होता; तेच चंद्र, तीच फुले, तेच संकेत त्याला पानोपानी भेटत होते.

उपाय सापडला तो चित्रकलेत. नाकामुरा फुसेत्सु या चित्रकाराच्या सहवासात पाश्चात्य पद्धतीचे प्रत्यक्षावरून रेखाटन त्याला कळले आणि डोळ्यांसमोरचे जसे आहे तसे टिपावे, हे तत्त्व त्याने कवितेस लावले. बाशोच्या बहुसंख्य रचना सामान्य आहेत असे त्याने निर्भीडपणे लिहिले. अठराव्या शतकातील चित्रकार-कवी बुसोन याला मात्र पुन्हा प्रकाशात आणले. बाशोवरील त्याची टीका काहीशी एकांगी होती, हेही मान्य केले पाहिजे.

१८९५ मध्ये प्रकृतीची पर्वा न करता तो युद्धवार्ताहर म्हणून चीनला गेला. युद्ध संपत आले होते; परतीच्या जहाजावर पुन्हा रक्त पडले. पुढे क्षय पाठीच्या कण्यात उतरला आणि त्याचे जग एका अंथरुणापुरते उरले. १८९९ च्या डिसेंबरात शिष्य क्योशीने खोलीच्या दारांना काचा बसवून दिल्या, तेव्हा बाग पडल्या पडल्या दिसू लागली. अखेरच्या वर्षी याच अंथरुणाविषयीचे त्याचे स्फुट लेखन 'निप्पोन'मध्ये १२७ हप्त्यांत आले. शेवटचा हप्ता १७ सप्टेंबर १९०२ चा.

बागेत घोसाळ्याचा वेल होता. त्याचे पाणी कफावर औषध म्हणून देत. १८ सप्टेंबरला, रित्सु आणि शिष्य यांच्या साहाय्याने, त्याने त्या घोसाळ्यावरच तीन हायकू स्वहस्ते लिहिले. त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, वयाच्या ३४ व्या वर्षी त्याचे निधन झाले.