तोयोझो अराकावा : एका खापराने दाखवलेली वाट

माठ कुणी घडवला हे आपण सहसा विचारत नाही. फार तर तो कुठल्या गावचा, एवढे विचारतो. जपानमध्ये मात्र एक भांडे कुठल्या गावचे, या प्रश्नाने एका कुंभाराचे आयुष्य बदलून टाकले. त्या तोयोझो अराकावा यांची ओळख आम्ही या वेळी सभासदांना करून देत आहोत.

अराकावा यांचा जन्म १८९४ साली गिफू प्रांतातील ताजिमी येथे झाला. हा जुना मिनो प्रदेश, भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध. पुढे ते क्योतोला एका भट्टीवर कामाला होते. तिथे त्यांची गाठ रोसान्जिन किताओजी यांच्याशी पडली. रोसान्जिन सुलेखनकार होते आणि पक्के खवय्येही; उत्तम पदार्थ उत्तम भांड्यातच वाढला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यांनी कामाकुरा येथे स्वतःची भट्टी उभारली, तेव्हा तिथले काम त्यांनी अराकावांवर सोपवले.

जपानी चहाविधीत मोमोयामा काळातील, म्हणजे सुमारे चारशे वर्षांपूर्वीच्या शिनो वाडग्यांना मोठा मान आहे. सायीसारखी जाड पांढरी झिलई, तिच्यावर बारीक छिद्रे, झिलई पातळ असेल तिथे उमटणारी तांबूस छटा आणि झिलईखाली लोहयुक्त रंगाने काढलेले चार रेषांचे चित्र, असे त्यांचे रूप असते. हे वाडगे मिनोच्या शेजारच्या सेतो गावी घडले, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले जात होते.

एप्रिल १९३० मध्ये रोसान्जिन यांच्या प्रदर्शनानिमित्त दोघे नागोयाला गेले असता तिथे त्यांना असाच एक वाडगा पाहायला मिळाला. त्यावर बांबूचे कोंब रेखाटलेले होते. अराकावांनी तो हातात घेऊन उलटा केला, तर बुडाला तांबड्या मातीचा छोटा अंश चिकटलेला दिसला. भट्टीत भांडे ठेवताना खाली मातीचा आधार देतात, त्यातलाच तो. सेतोत या आधाराला पांढरी माती वापरतात, हे अराकावांना ठाऊक होते. मग ही तांबडी माती आली कुठून?

दोनच दिवसांनी ते मिनोतील ओगाया येथे पोचले. तिथल्या जुन्या भट्ट्यांच्या जागी त्यांना पूर्वी ओरिबे प्रकारची खापरे सापडली होती. या वेळी शोधताना शिनोचा एक तुकडा हाती आला आणि त्यावरही बांबूचा कोंब होता. इतकी वर्षे सेतोच्या नावावर जमा असलेले श्रेय मिनोच्या मातीचे होते.

ती भांडी कशी घडत, हे सांगणारे मात्र कुणी उरले नव्हते. खापरे तेवढी होती. अराकावांनी कामाकुराचे काम सोडले आणि १९३३ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ओगायाच्या जुन्या भट्टीजवळच आपली भट्टी बांधली. पहिला प्रयत्न साफ फसला. झिलई मनासारखी उतरेना. पुढच्या वर्षी त्यांनी जुन्या पद्धतीची, एकाच दालनाची, अर्धी जमिनीत असलेली दुसरी भट्टी उभी केली. अशा भट्टीत जळण म्हणजे लाकूड. शिनोसाठी आच दीर्घकाळ धरावी लागते आणि भट्टी निवूही सावकाश द्यावी लागते. सेतोगुरो या काळ्या वाडग्यांचे उलटे: ते लाल तापलेले असतानाच चिमट्याने बाहेर काढतात, एकदम थंड झाल्याने झिलई काळी होते.

१९३५ मध्ये मनाजोगती भांडी निघाली. शिनोचा एक मद्यपेला आणि सेतोगुरोचा एक वाडगा घेऊन ते रोसान्जिन यांच्याकडे गेले. रोसान्जिन यांनी कौतुक केले आणि कामाकुराला परत येण्याचा आग्रहही धरला. अराकावा ओगायालाच राहिले.

जुनी खापरे समोर ठेवून ते शिकले, पण नक्कल करीत बसले नाहीत. त्यांचे वाडगे त्यांच्याच हातचे वाटतात. युद्धानंतर, १९४६ साली, त्यांनी ताजिमीत एइहोजी मंदिराच्या डोंगरावरील जागेत सुइगेत्सु ही दुसरी भट्टी सुरू केली. तिथे रोजच्या जेवणात वापरायची भांडी हाताने घडू लागली. चहाविधीच्या दालनात जपलेली कला अशी साध्या घरांच्या ताटापर्यंत आली.

१९५५ मध्ये शिनो आणि सेतोगुरो या दोन्ही कलांसाठी जपान सरकारने त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवले. १९७१ मध्ये सांस्कृतिक सन्मानपदक मिळाले. १९८५ साली, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मूळ गाव सोडून पिढ्या लोटलेल्या आपल्या घरांतही आजीची एखादी लोणच्याची बरणी, एखादा दगडी खल असतोच. तो कुठल्या गावचा, कुणी आणला, हे ठाऊक असलेली माणसे आता थोडी उरली आहेत. या सुट्टीत मुलांनी घरातली अशी एक वस्तू हातात घ्यावी, उलटी करून पाहावी आणि मोठ्यांना तिचे गाव विचारून लिहून ठेवावे, असे आम्हाला वाटते.