नवसारीचे डॉ. पावरी

सुरतेहून मुंबईकडे निघाले की थोड्याच वेळात नवसारी येते. माझे शालेय शिक्षण सुरतेस मराठी माध्यमात झाले. वर्गात क्रिकेटचे वेड सर्वांनाच होते, पण मेहलाशा पावरी हे नाव कोणाच्या तोंडी ऐकले नाही. त्यांचा जन्म याच नवसारीतला, १८६६ सालचा.

१८८६ मध्ये पारशांचा संघ प्रथमच इंग्लंडला गेला. २८ सामन्यांत जिंकला एकच, हरला १९. आम्हा वाणिज्य शाखेच्या मंडळींना विचाराल, तर दुकान बंद करावे असाच हा ताळेबंद! पारशांनी मात्र १८८८ मध्ये दुसरा संघ पाठविला. त्यात पावरी होते. वय २१, माझ्याहून एकाच वर्षाने मोठे. त्या एका हंगामात या वेगवान गोलंदाजाने १७० बळी घेतले. संघाने ३१ पैकी ८ सामने जिंकले, ११ गमावले. खर्चाची बाजू अजून जडच, पण जमेकडे आता काहीतरी होते.

जानेवारी १८९० मध्ये व्हर्नन यांचा इंग्लिश संघ मुंबईस आला. खेळ राज्यकर्त्यांचा, मैदान बाँबे जिमखान्याचे, जिथे हिंदी माणसाला सभासदत्व नव्हते. दुसऱ्या डावात पावरींनी ३४ धावांत ७ गडी टिपले आणि पारशी ४ गडी राखून जिंकले. त्या दौऱ्यात पाहुण्यांचा हा एकमेव पराभव. पावरींच्या आयुष्यातले हे दोन दिवस मला त्या १७० बळींहून मोठे वाटतात.

ते डॉक्टर होते. १९०१ मध्ये त्यांनी पारशी क्रिकेटवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १९४६ मध्ये ते वारले.