प्रश्न विचारणारा शिष्य : फादर नहेम्या गोरे
(आगमनकाळातील कौटुंबिक उपासनेसाठी)



नाताळापूर्वीच्या चार रविवारांनी आगमनकाळ भरतो. या दिवसांत अनेक ख्रिस्ती घरांतून संध्याकाळी मुलांना जवळ बसवून शास्त्रपाठ वाचला जातो. यशयाची भविष्ये, जखऱ्या व अलीशिबा यांची कथा, मरीयेला मिळालेला निरोप ही सारी वचने मुलांच्या कानांवरून जातात. मध्येच एखादे मूल अडचणीचा प्रश्न विचारते. प्रार्थनेला उशीर होतो म्हणून किंवा उत्तर ठाऊक नसते म्हणून आपण त्याला गप्प करतो. या वर्षी तसे करण्यापूर्वी नीळकंठशास्त्री गोरे यांचे चरित्र आपण मुलांना अवश्य सांगावे.

झांशी म्हटले की आपल्याला राणी लक्ष्मीबाईंचे स्मरण होते. त्याच झांशीजवळील काशीपुरा या गावी ८ फेब्रुवारी १८२५ रोजी एका चित्पावन ब्राह्मण घराण्यात नीळकंठ यांचा जन्म झाला. पुढे त्यांचे घर काशीस गेले. तेथे त्यांनी संस्कृत शास्त्रांचे सखोल अध्ययन केले. जॉन म्यूर या स्कॉटिश पंडिताने ख्रिस्ती धर्माच्या बाजूने ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला होता. त्याला उत्तर म्हणून विशीच्या उंबरठ्यावरील या तरुणाने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ रचला. विल्यम स्मिथ या मिशनऱ्यांशी वाद घालून त्यांना निरुत्तर करावे, हाही त्यांचा हेतू होता.

खंडन करण्यासाठी त्यांनी शुभवर्तमान वाचावयास घेतले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे मन अडखळले. तरीही त्यांनी घाई केली नाही. एक शंका मिटली की दुसरी उभी राही. घरच्यांच्या दुःखाचाही भार मनावर होता. अखेरीस १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला व त्यांनी नहेम्या हे नाव धारण केले.

बाप्तिस्म्याने त्यांच्या शंका संपल्या, असे मुलांना सांगू नका. ते खरे नाही. शंकांनी त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही. १८५४ साली महाराजा दुलीपसिंग यांच्यासमवेत ते इंग्लंडला गेले. शुभवर्तमान वाचून त्यांनी ख्रिस्ती देशाचे जे चित्र मनात रेखाटले होते, ते त्यांना तेथे दिसले नाही. ऑक्सफर्डला मॅक्समुल्लर यांना ते भेटले, तेव्हा ते अत्यंत खिन्न होते. पुस्तकातील ख्रिस्त आणि ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांचे जीवन यांतील अंतर त्यांना सहन होत नव्हते. वाचकहो, आपली मुलेही हे अंतर पाहतात. संध्याकाळच्या पाठानंतर घरात कोणता शब्द उच्चारला जातो, याकडे त्यांचे कान असतात.

तरीही गोरे मागे फिरले नाहीत. १८६० साली त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला व दोन वर्षांनी त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. १८७० साली ते अँग्लिकन मंडळीत याजक झाले. पुण्यात त्यांनी बरीच सेवा केली. ब्राह्मो समाज व प्रार्थना समाज यांच्या मतांचा विचार करून त्यांनी जे लिहिले, ते पंडिता रमाबाईंच्या हाती पडले. १८८३ साली बाप्तिस्मा घेण्यापूर्वी रमाबाईंच्या मनातील गुंता सुटण्यास त्या लेखनाचे साह्य झाले. ज्याने स्वतः प्रश्नांशी झुंज दिली, तोच दुसऱ्या प्रश्नकर्तीला वाट दाखवू शकला.

या चरित्राला एक हळवी बाजू आहे. १८५३ साली त्यांना कन्या झाली आणि अल्पावधीतच पत्नी निवर्तली. एलन लक्ष्मी हे नाव घेऊन ही मुलगी परक्या ख्रिस्ती कुटुंबांत वाढली. पुढे स्टॉर्स या मिशनरी कुटुंबाने तिला बालवयातच इंग्लंडला नेले. लेकीला रोज मांडीवर घेऊन शास्त्र वाचून दाखविण्याचे भाग्य या मोठ्या पंडिताच्या वाट्याला आले नाही. जे आपल्याला रोज सहज लाभते, ते त्यांना नव्हते. पण दुसऱ्यांच्या घरातील प्रार्थनाही देवाने फळास आणल्या. १८८० साली एलन भारतात परतल्या व त्यांनी आयुष्य सेवेत वेचले. प्रभूच्या सान्निध्याविषयी त्यांनी रचलेले एक इंग्रजी गीत अनेक देशांतील मंडळ्यांच्या गीतसंग्रहांत गेले. फादर गोरे २९ ऑक्टोबर १८९५ रोजी प्रभूपाशी विसावले.

आता आपल्या उपासनेकडे वळू या. अँग्लिकन मंडळीच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी मत्तयाच्या अकराव्या अध्यायातील पाठ नेमलेला आहे. तुरुंगातील योहान आपले शिष्य पाठवून येशूला विचारतो, की येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी. येशू त्याच्यावर रागावत नाही. शिष्यांनी जे पाहिले व ऐकले ते योहानाला जाऊन सांगावे, असे तो म्हणतो. आणि मग लोकांपुढे योहानाची थोरवी गातो. नाताळाची वाट पाहताना मंडळीने हा प्रश्न मुद्दाम ऐकावा, अशीच ती योजना आहे.

म्हणून पहिल्या आठवड्यात जखऱ्याचा अविश्वास, दुसऱ्यात मरीयेचा नम्र प्रश्न, तिसऱ्यात योहानाचा हा निरोप आणि चौथ्यात शिमोन व हन्ना यांची दीर्घ प्रतीक्षा असे पाठ घ्या. पाठ छोटा असू द्या. तो मुलांपैकी एकाने वाचावा. नंतर प्रत्येकाने एक प्रश्न विचारावा. उत्तर ठाऊक नसेल, तर तसे सांगा व तोच प्रश्न प्रार्थनेत देवापुढे ठेवा. शंका मनात दडपून मूल मोठे झाले, तर एके दिवशी ते आपली शंका व आपले घर दोन्ही घेऊन निघून जाण्याचा संभव असतो. ज्या घरात प्रश्नाला जागा आहे, त्या घरात मूल येणाऱ्या प्रभूची वाट पाहण्यास शिकते.

वाट पाहणाऱ्या आपल्या सर्व घरांवर प्रभूची शांती असो.