गुप्त रेडिओच्या उषाबेन

मुलांनो, हार्बरफ्रंटला आपल्या वर्गातून बाहेर पडले की समोर बोटी दिसतात. बोटीवरचा माणूस हातातल्या यंत्राचे बटण दाबून बोलतो आणि सोडून ऐकतो. बटण दाबल्यावर आवाज जातो कसा, असे तुमच्यापैकी काहींनी विचारले होते. तेव्हा आम्हांला मुंबईच्या उषा मेहता आठवल्या. सगळे त्यांना उषाबेन म्हणत.

त्यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतेजवळच्या सरस गावी झाला. वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत न्यायाधीश, आणि मुलगी आठव्या वर्षी सायमन कमिशनच्या विरोधातल्या मिरवणुकीत! पुढे कुटुंब मुंबईला आले. उषाबेन विल्सन कॉलेजात शिकल्या.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच पुढाऱ्यांना अटक झाली. वर्तमानपत्रांवर बंधने होती, मग बातमी लोकांना कळणार कशी? बावीस वर्षांच्या उषाबेन आणि त्यांच्या मित्रांनी काँग्रेस रेडिओ नावाचे गुप्त केंद्र काढले. राममनोहर लोहिया आणि आपल्या नगरचे अच्युतराव पटवर्धन यांची मदत होती. विदर्भातल्या आष्टी-चिमूरचे अत्याचार या रेडिओने देशाला सांगितले.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळू. मायक्रोफोन आवाजाचे विजेत रूपांतर करतो, पण ती वीज फार क्षीण असते. म्हणून ती आधी ॲम्प्लिफायरमधून नेऊन वाढवायची. त्या काळी त्यात बल्बसारख्या काचेच्या नळ्या असत, त्यांना व्हॉल्व्ह म्हणत. तरीही हा आवाज एकटा दूर जात नाही, त्याला बोट लागते. ती बोट म्हणजे वाहक लहर. काँग्रेस रेडिओची लहर ४२.३४ मीटर लांबीची होती, म्हणजे सेकंदाला सुमारे ७० लाख ८० हजार कंपने. आवाज चढला की या लहरीचा जोर वाढवायचा, उतरला की कमी करायचा. याला मॉड्युलेशन म्हणतात. आवाज हवा त्याहून जास्त चढवला तर शब्द फाटतात, कमी ठेवला तर खरखरीत बुडतात. (बोटीवरच्या यंत्रात जोराऐवजी कंपनांची संख्या बदलते, एवढाच फरक.)

खरा धोका मात्र पुढे आहे. बोलणारा गप्प बसला तरी वाहक लहर चालूच राहते. श्रोत्यांचा रेडिओ जी लहर पकडतो, तीच पोलिसांची गाडीही पकडते, आणि ती कोणत्या दिशेने येते हे शोधत जवळ येते. म्हणून कार्यक्रम थोडा वेळच करायचा, आणि मग बिऱ्हाड हलवायचे. चौपाटी, लॅबर्नम रोड, गिरगाव अशा किती जागा बदलल्या! तेव्हाचे ते यंत्र म्हणजे काही खिशात मावणारी वस्तू नव्हे.

शेवटी दगा लहरीने दिला नाही, माणसाने दिला. १२ नोव्हेंबर १९४२ ला पकडल्या गेलेल्या एका तंत्रज्ञाने ठिकाण सांगितले. उषाबेनना धोका आधीच कळला होता, तरी त्या संध्याकाळी त्या कार्यक्रम करायला गेल्या. पोलिस दारे फोडून आत आले तेव्हा वंदे मातरमची तबकडी वाजत होती. बंद करा म्हटल्यावरही त्यांनी ती पूर्ण वाजू दिली.

त्यानंतर कित्येक महिने चौकशी झाली. उषाबेन काही बोलल्या नाहीत. चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवले. १९४६ साली सुटल्या तेव्हा तब्येत पार ढासळली होती. तरी पुढे गांधीजींच्या विचारांवर पीएच.डी. केली आणि मुंबई विद्यापीठात वर्षानुवर्षे शिकवले. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. ऑगस्ट २००० मध्ये अंगात ताप असतानाही त्या गवालिया टँकच्या, म्हणजे आताच्या ऑगस्ट क्रांती मैदानावरच्या कार्यक्रमाला गेल्या. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, त्यांचे निधन झाले.