आधी गाव झाडायचं, मग कीर्तन! गाडगेबाबांची शिकवण आली कुठून?

अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि जेवायला मातीचं गाडगं. कुठल्याही गावात गेले की गाडगेबाबा आधी रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. दारू सोडा, कर्ज काढू नका, देवाला बोकड कापू नका, मुलांना शिकवा. सांगणं एवढंच आणि एवढं साधं.

पण हे त्यांना पोथीत सापडलं नव्हतं, त्यांनी ते घरात भोगलं होतं.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील दारूपायी गेले. मायलेक मामाकडे राहायला आले, तर मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. पुढे मुलीच्या बारशाला डेबूजींनी दारू-मटणाची रीत मोडली आणि पंगतीला गोडाचं जेवण वाढलं. भावकीची नाराजी त्यांनी पत्करली.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःजवळ मात्र गाडगं आणि खराटाच राहिला.

२० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. आज ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव आहे. पण त्यांच्या यादीत झाडूच्या शेजारीच दारू आणि कर्जही होतं, हे आपण विसरतो.